श्वासाचा रकाना

नाडी मोजायला घड्याळ पुरतं, ताप मोजायला एक नळी पुरते. श्वास मोजायचा तर माणसाकडे बघत उभं राहावं लागतं, चांगलं मिनिटभर, तोंडातून शब्द न काढता.

पालवी टेंभरेला त्या मिनिटाची भीती वाटायची. वॉर्डात पंखे घरघरत असत, कुणाच्या डब्याचं झाकण वाजे, कुणाचं लेकरू जिन्यात रडे, आणि खाटेपाशी ती आणि एक अनोळखी बाई, दोघी गप्प. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली, घरापासून पहिल्यांदाच लांब राहणारी मुलगी ती. त्या गप्पपणात आपण अगदी उघड्या पडतो असं तिला वाटे. म्हणून तिनं ते मिनिट टाळायची युक्ती शोधली. शोधली कसली, सगळ्यांचीच होती, तिनं उचलली. मनगट धरायचं, नाडी मोजायची, आणि श्वासाच्या रकान्यात वीस लिहून पुढच्या खाटेकडे सरकायचं. फारच वीस झाले तर मधूनच एक अठरा टाकायचा, डाळीत मोहरी टाकावी तसा.

खरं तर त्यांच्या ट्यूटर शहारे मॅडमनी श्वास मोजायला फार मायेनं शिकवलं होतं. "श्वास मोजते असं रुग्णाला कधी सांगायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "सांगितलं की माणूस श्वास आवरतो, जसा पाहुणा आला की पसारा आवरतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. त्याला वाटू द्या, अजून नाडीच चाललीये. तुमची नजर तेवढी छातीवर जाऊ द्या. आपल्या धंद्यात एवढी एकच लबाडी चालते, अन् तीही खरं कळावं म्हणून."

मुलींनी लबाडी तेवढी घेतली, नजर राहून गेली.

पालवी दुसऱ्या वर्षाला गेली आणि वैनगंगेकाठच्या त्या कॉलेजात, त्याला जोडलेल्या रुग्णालयात, साक्षी आली.

साक्षी म्हणजे गादीखाली अंथरायची एक पातळ चटई आणि मुलींच्या एप्रनवर लावायचा एक बिल्ला. चटईतून रेडिओच्या मंद लहरी निघत, रुग्णाच्या पाठीवर आदळून परत येत. पाठ केसभर वर-खाली झाली तरी चटईला कळे. त्यावरून ती नाडी आणि श्वास सांगे. मुलीनं टॅबवर आकडा भरला की साक्षी आपला आकडा त्याच्याशेजारी ठेवून बघे. जुळला, दोन-चार श्वास इकडेतिकडे चालत, तर बिल्ल्यावर हिरवा दिवा, नाही जुळला तर पिवळा, पुन्हा पुन्हा चुकलं तर लाल. कुठल्याशा कॉलेजात मुलींनी न बघितलेल्या रुग्णांच्या नोंदी होस्टेलवर बसून भरल्या होत्या आणि त्यात एक माणूस हकनाक गेला होता, तेव्हापासून ही व्यवस्था. हिरव्या दिव्यांचे सचोटीगुण होत. पाच जणींच्या तुकडीचे गुण एकत्र धरत, म्हणजे एकमेकींवर लक्ष राहील. नोकरी, पुढचं शिक्षण, परदेशातली पोस्टिंग, सगळं त्या गुणांवर.

साक्षी सुरू झाली त्या सकाळी पालवीनं एप्रनवर बिल्ला लावला. आज मोजायचंच असं ठरवून ती खाटेपाशी गेली, पण बोटांनी सवयीनं वीस टाकलाच. तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा छातीवर हिरवा दिवा होता. पुढच्या खाटेला वीस. हिरवा. तिसऱ्या खाटेला तर तिनं नुसतं बघायचं म्हणून वीस टाकला. हिरवा.

आपला अंदाज बरोबर होता तर, असं तिनं स्वतःला सांगितलं. माणसं वीसच श्वास घेत असतील. वर्ष सरता सरता तिच्या तुकडीचे गुण कॉलेजात सगळ्यात वर गेले, आणि व्हरांड्यातल्या मोठ्या पडद्यावर तिचा फोटो लागला. खाली लिहिलेलं: सचोटीची मानकरी.

"सरका सरका, हरिश्चंद्राची नात आली," अल्फिया मेसमध्ये ओरडायची, आणि ताटं घेऊन बसलेल्या पोरी हसायच्या. अल्फिया पठाण पालवीच्या खोलीतली, तिच्याच तुकडीतली. जर्मनीतल्या एका रुग्णालयात तिची मोठी बहीण नर्स होती. अल्फिया कॉलेजला लागली त्याच वर्षी ही आपा तिकडे गेली, ती अजून एकदाही घरी आली नव्हती. अल्फियाची पोस्टिंग तिकडेच होणार, फक्त शेवटच्या वर्षाचे गुण बाकी. ती आंघोळीला जातानासुद्धा जर्मन शब्द घोकत जायची. "पालवी, तिथं भाताला चव नसते म्हणे. मी आपल्या तांदळाचं पोतंच नेते बघ."

पालवी हसायची. पण पडद्यासमोरून जाताना ती खाली बघत जायची. स्वतःच्याच फोटोची ओळख चुकवत जाणारी त्या कॉलेजात ती एकटीच असेल.

शेवटच्या वर्षी बायकांच्या मेडिकल वॉर्डात सायत्राबाई हेडाऊ भरती झाली. कोसा रेशीम विणणारी, हडकुळी, दातांच्या फटीतून हसणारी. ताप आणि अशक्तपणा म्हणून आली होती, ताप उतरला होता. ती आडवी कधी व्हायचीच नाही. खाटेच्या कडेला पाय सोडून, हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसायची, जणू समोर माग आहे. आणि काहीबाही गुणगुणायची.

पालवीनं तिचं मनगट धरलं, नाडी मोजली, आणि टॅब उचलला.

"काय वं पोरी," सायत्राबाई म्हणाली, "हात माझा धरतेस अन् पायतेस भितीकडं. मी का भितीत आहो का?"

पालवी ओशाळली. "नाही मावशी, मोजत होते."

"मंग इकडं पाय ना. मी गाणं म्हणतो, तू मोज."

आणि ती म्हणू लागली:

*ताणा माझा लांब गं, बाणा माझा थोडा,*
*विणता विणता दिसे माहेराचा ओढा.*

पालवीच्या आजोळी बायका अशी गाणी म्हणत. ओळ एका दमात जाते, ओळ संपली की श्वास, हे तिच्या कानाला लहानपणापासून ठाऊक. सायत्राबाईची ओळ मात्र तुटत होती. ताणा माझा, आणि श्वास. लांब गं, आणि श्वास. बाणा, आणि पुन्हा श्वास. गाणं संपल्यावर पालवीनं मनगट सोडलं नाही. घड्याळाकडे एक डोळा ठेवून तिनं, आयुष्यात पहिल्यांदा म्हणावं तसं, एका माणसाच्या छातीकडे मिनिटभर बघितलं. पातळाखालची हाडं भराभर वर येत होती, खाली जात होती.

बत्तीस.

तिनं बत्तीस भरले. बिल्ला पिवळा झाला. टॅबवर अक्षरं आली: साक्षी वीस. नोंद जुळत नाही. दुरुस्त करावी?

तिनं पुन्हा मोजलं. बत्तीसच. पुन्हा पिवळा.

संध्याकाळच्या पाळीला तेहतीस, दुसऱ्या सकाळी बत्तीस. बिल्ला लाल झाला. तुकडीचे गुण एका दिवसात एवढे उतरले की बाकीच्या चौघींच्या टॅबवर सूचना गेली.

"काय करून राहिली तू?" अल्फियानं तिला औषधांच्या कपाटाआड ओढलं. "दुरुस्तीचं बटण दिसत नाही का? ती वीस म्हणते तर वीस टाक ना बाई!"

"पण बत्तीस आहेत. मी मोजले."

"तू?" अल्फियाला हसूच आलं. "कधीपासून?"

पालवीनं टॅब छातीशी धरला.

"हे बघ," अल्फिया मऊ झाली, "चुकलं असेल तुझं. मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे? तिला का जर्मनीला जायचंय?"

पालवी शहारे मॅडमकडे गेली. मॅडम कधी कुणाला झिडकारत नसत. हातातलं काम टाकून त्या वॉर्डात आल्या, सायत्राबाईपुढे उभ्या राहिल्या, आणि मोठ्या अदबीनं म्हणाल्या, "मावशी, एक मिनिट हं. तुमचा श्वास मोजायचा आहे."

सायत्राबाईनं पदर सावरला. पाठ ताठ केली. ओठ मिटले. आणि शाळेतल्या पोरीनं साहेबांपुढे बसावं तशी ती बसली, सावकाश श्वास घेत, सावकाश सोडत.

"बावीस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पालवीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, दुःख होतं, आणि ते रागाहून वाईट होतं. "पालवी, तू मानकरी आहेस आपली. असं का करतेस? काही घरी झालंय का?"

मॅडमची पाठ वळली आणि सायत्राबाईनं दाबलेला दम सोडला. खोकल्याची उबळ आली. खोकता खोकता ती हसत होती. "एवढी मोठी मॅडम आली माझ्यासाठी, अन् मी का धापा टाकत बसू तिच्यापुढं? लाज नाही का मले?"

पालवी तिची पाठ चोळत राहिली. मॅडम आपलाच धडा विसरल्या होत्या. साक्षी आल्यापासून त्यांच्या हाताला श्वास मोजायचं कामच उरलं नव्हतं.

पण साक्षी? ती तर काही सांगून मोजत नव्हती, तिच्यापुढे कोण लाजणार?

दुपारी वॉर्ड झोपेला आलेला असताना पालवीनं टॅबवरच्या त्या वीसवर बोट दाबून धरलं. आकड्याचा तपशील उघडतो हे सगळ्यांना माहीत होतं, उघडत कुणी नसे. आतमध्ये बारीक अक्षरं होती. पाठीचा संकेत अपुरा. पूर्वनोंदींवरून अनुमान.

तिनं चटईकडे बघितलं, मग कडेला बसलेल्या सायत्राबाईकडे. चटई पाठ वाचते. ज्याला सुखानं श्वास येतो तो पाठ टेकतो. ज्याला दम लागतो त्याला आडवं होववत नाही; तो उठून बसतो, पुढे वाकतो, कडेला येतो, आणि चटईच्या हातून निसटतो. ज्याचा श्वास मोजायलाच हवा, नेमका तोच तिला दिसत नाही. आणि दिसला नाही तर रकाना रिकामा ठेवायची तिला मुभा नव्हती. मग ती जुन्या नोंदी आठवे. याच्यासारखा ताप, याच्यासारखी नाडी असलेल्या लाखो रुग्णांच्या श्वासाच्या रकान्यात माणसांनी काय लिहिलं होतं?

वीस. वर्षानुवर्षं, जिल्ह्याजिल्ह्यांतून, भिंतीकडे बघणाऱ्या मुलींनी लिहिलेले वीस. त्या लेकींचं खोटं साक्षी आईच्या भाषेसारखं शिकली होती, आणि आता तेच लेकींना खरं म्हणून परत देत होती. ऑक्सिजनचा आकडा बरा होता, पण तो बरा ठेवायलाच तर ती बाई एवढी धापा टाकत होती. डॉक्टरांच्या पडद्यावर वीस दिसत होते. उद्या सकाळी सुट्टी, असा शेरा पडला होता.

पालवीला वाटलं, हे आत्ता कुणाला तरी सांगावं. सगळा वॉर्ड माणसांनी भरला होता आणि सांगायला कुणी नव्हतं.

होस्टेलच्या गच्चीवर अल्फिया कपडे वाळत घालत होती. पालवीनं तिला सगळं सांगितलं. अल्फियानं ऐकलं, ओली ओढणी हातात तशीच धरून. ती हुशार होती. पालवी जिथे थांबली होती त्याच्या पुढे ती आधी पोचली.

"म्हणजे तू खरी ठरली," ती सावकाश म्हणाली, "तर साक्षी खोटी ठरेल. अन् साक्षी खोटी ठरली, तर तिच्याशी ज्यांचे आकडे जुळले त्या आम्ही सगळ्या."

"मीपण."

"तुझं काय, तू सांगून मोकळी होशील. तुला बरं वाटेल." ओढणीतून पाणी टपकत होतं. "आपानं खोली बघून ठेवलीये माझ्यासाठी. पालवी, त्या बाईला दुसरीकडे दाखवा म्हण ना. तिच्या लेकाला गुपचूप सांग. एवढं ओरडून सांगायलाच हवं का?"

"लेक येत नाही तिचा. अन् अशा किती बाया घरी गेल्या असतील, अल्फी? आपण वीस लिहिलं अन् त्या गेल्या."

अल्फियानं ओढणी दोरीवर टाकली, चिमटे लावले, एक एक करून. नंतर बादली उचलून ती जिना उतरून गेली. जाताना तिनं पालवीकडे बघितलं नाही.

पालवी शहारे मॅडमच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "मॅडम, एकदा परत चला. हात जोडते. पण या वेळी श्वासाचं नाव काढू नका. नुसती नाडी धरा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्या उठल्या.

खाटेपाशी त्या सायत्राबाईशी कोशाच्या किमतीबद्दल बोलल्या, माहेर कोणतं ते विचारलं, आणि बोलता बोलता मनगट हातात घेतलं. मग गप्प झाल्या. पालवी बाजूला उभी होती. कोसा विणणारी ती बाई खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिची छाती तिच्या नकळत चालली होती, घाईघाईनं, मागून कुणी हाकतंय अशी.

मॅडमनी हात खाली ठेवला. "चौतीस," त्या पुटपुटल्या, आणि वॉर्डबॉयला हाक मारली. डॉक्टर आले, छातीचा एक्स-रे निघाला. फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं, बरंच. संध्याकाळच्या आत सायत्राबाईला खालच्या मजल्यावर नेलं आणि सुईनं ते काढायला घेतलं.

व्हरांड्यात त्या दोघी राहिल्या. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं झालं तू हट्ट धरलास." आणि मग, काही मनात न ठेवता, नुसत्याच कोड्यात पडून त्यांनी विचारलं, "पण पोरी, मशीन असा अंदाजानं आकडा टाकत होतं, तर दोन वर्षं तुझे आकडे त्याच्याशी जुळत कसे आले?"

पडद्यावर पालवीचा फोटो हसत होता. आता खोटं बोलणं फार सोपं होतं. पिवळा लागला की मी चटईच्या आकड्यानं दुरुस्त करायचे, असंही म्हणता आलं असतं, तो छोटा गुन्हा.

"मी मोजतच नव्हते, मॅडम."

खांद्यावरचा हात तसाच राहिला, पण त्यातली ऊब गेली.

"आणि बाकीच्या?"

"त्यांचं त्या सांगतील."

त्यांना सांगावं लागलं नाही. साक्षी बनवणाऱ्यांची माणसं आली, त्यांनी अनुमानाचे सगळे आकडे बाजूला काढले, आणि त्यांच्याशी जुळलेल्या प्रत्येक नोंदीखालचं नाव आपोआप वर आलं. एका कॉलेजाचं प्रकरण नव्हतंच ते. पण बातमी इथून फुटली होती. शेवटच्या वर्षाच्या सगळ्या तुकड्यांचे गुण रद्द झाले, पोस्टिंगा वर्षभर पुढे गेल्या. जर्मनीतल्या त्या रुग्णालयानं वर्षभर थांबायला नकार दिला. पालवीचा फोटो उतरवला गेला. त्यानं तिला हलकंच वाटलं.

सायत्राबाई बरी होऊन वरच्या वॉर्डात परतली, ती ओळ एका दमात म्हणायला लागली, आणि एक दिवस घरी निघाली. जाताना ती शहारे मॅडमच्या पाया पडायला वाकली. "तुमच्या हाताला गुण आहे बाई. नाडी धरून सांगितलं तुम्ही." पालवी तिची पिशवी घेऊन मागे उभी होती. मॅडम काही बोलणार होत्या, पण पालवीनं मानेनंच नको म्हटलं. रिक्षा वळली तेव्हा सायत्राबाईनं हात केला, तो बहुतेक सगळ्यांनाच होता.

मेसमध्ये आता पालवी ताट घेऊन आली की बाकावर जागा नसे. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. टोमणाही माणूस आपल्या माणसालाच मारतो. अल्फियानं खोली बदलून घेतली. रिकाम्या पलंगावर पालवीनं काही ठेवलं नाही. खोलीत आपलाच श्वास ऐकू येतो हे तिला तेव्हा कळलं, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून ती पंखा वाढवून ठेवायची.

साक्षीच्या पडद्यावर श्वासाचा रकाना आता रिकामा असे. तिला नव्यानं शिकवायचं होतं, आणि त्यासाठी हजारो खरे श्वास हवे होते, माणसांनी मोजलेले. नियम ठरला: एका रुग्णाला दोन विद्यार्थिनी, दोघींनी एकाच मिनिटात, आपापलं मोजायचं. जोड्या कुणी ठरवल्या ते कळलं नाही. फळ्यावर टेंभरेखाली पठाण लिहिलेलं होतं.

पहिल्या खाटेवर एक तरुण बाई होती, न्यूमोनियाची. पालवीनं तिचं मनगट धरलं. अल्फिया पलीकडच्या बाजूला उभी राहिली, दुसऱ्या हाताची नाडी धरून. मधे ती बाई आणि तिच्या अंगावरची पांघरुणाची घडी, वर येणारी, खाली जाणारी. दोघींची नजर त्या घडीवर. मिनिट सरलं.

"सव्वीस," अल्फिया म्हणाली. किती दिवसांनी तिचा आवाज इतक्या जवळून आला होता.

पालवीकडे चोवीस होते.

सव्वीस म्हणणं फार सोपं होतं. मैत्रिणीचा आकडा होता, आणि दोन श्वासांनी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

"चोवीस," पालवी म्हणाली.

अल्फियानं मान वर केली. गच्चीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्या दोघींची नजर भिडली. पालवीला वाटलं, आता ती मनगट सोडून निघून जाईल. अल्फियाचे ओठ घट्ट मिटले, मग सैल झाले. तिनं घड्याळाचा काटा बघितला.

"परत मोजू," ती म्हणाली.

आणि दोघी पुन्हा खाली वाकल्या, मनगटं न सोडता.